वार्षिक बचतीचे उद्दिष्ट : ठरवावे कसे, टिकवावे कसे?

गुढीपाडव्याला केलेला बचतीचा संकल्प आणि १ एप्रिलला घातलेली हिशेबाची नवी वही, या दोहोंचे आयुष्य बहुतेक घरांत सारखेच असते. पहिले दोन महिने दोन्ही नेमाने चालतात. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांची शुल्के भरावी लागतात, श्रावण लागला की सणांची रांग सुरू होते आणि दिवाळी सरता सरता 'यंदा नाही जमले, पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणून वही कपाटात जाते. मिळकत वाढली म्हणून हा क्रम आपोआप बदलतो, असेही नाही. याचे कारण इच्छाशक्तीच्या अभावात शोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. प्रत्यक्षात ते बहुधा व्यवस्थेच्या अभावात दडलेले असते. वर्षाच्या बचतीचा संकल्प तारीख, खाते आणि साक्षीदार या तीन आधारांवर उभा राहतो. हे आधार कसे उभारावेत, कोणत्या प्रकारच्या उत्पन्नाला कोणती पद्धत मानवते आणि साठवलेला पैसा सुरक्षित कसा राहील, याचा नाशिक शहर व जिल्ह्याच्या संदर्भातील हा आढावा.

उद्दिष्ट आता आपले आपणच ठरवायचे

नोकरदार मध्यमवर्गाच्या वार्षिक बचतीचा आकडा बरीच वर्षे आयकर कायदाच ठरवीत असे. आर्थिक वर्ष २००५-०६ पासून कलम ८० सी लागू झाले. भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे, आयुर्विम्याचा हप्ता आदींत गुंतवलेल्या एक लाख रुपयांपर्यंतच्या रकमेची वजावट या कलमाने दिली. २०१४ मध्ये ही मर्यादा दीड लाख रुपये झाली. जानेवारी उजाडला की कार्यालयातून गुंतवणुकीचे पुरावे मागितले जात आणि टपाल कार्यालयात, बँकेत व विमा प्रतिनिधींकडे धावपळ सुरू होई. ही बचत घाईगर्दीची होती, कित्येकदा चुकीच्या योजनेत जात होती. तरीही ती होत होती.

२०२० च्या अर्थसंकल्पाने नवी करप्रणाली आणली आणि २०२३-२४ पासून, करदात्याने वेगळा पर्याय न निवडल्यास, तीच लागू होऊ लागली. २०२५ च्या अर्थसंकल्पाने या प्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर शून्यावर आणला. पगारदारांना प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर गेली. मात्र बचतीवरील जुनी वजावट या प्रणालीत नाही. परिणामी अनेक कुटुंबांच्या हाती खर्चासाठी अधिक पैसा राहतो आणि तो बाजूला टाकण्यास भाग पाडणारा कायद्याचा रेटा मात्र उरलेला नाही. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. इतरांना वर्षाचा आकडा स्वतःच ठरवावा लागणार आहे.

आकडा काढण्याची रीत

'यंदा जास्तीत जास्त शिल्लक टाकू' हे वाक्य सदिच्छेचे आहे. उद्दिष्टाला रक्कम, मुदत आणि प्रयोजन अशी तीन अंगे हवीत. 'येत्या ३१ मार्चपर्यंत ७८ हजार रुपये, त्यांपैकी निम्मे आपत्कालीन निधीसाठी' असे म्हटले, की ते पूर्ण झाले की नाही हे वर्षअखेरीस निःसंदिग्धपणे सांगता येते.

रक्कम ठरवण्यापूर्वी मागील बारा महिन्यांचे बँक खातेउतारे समोर घ्यावेत. वर्षभरात जमा झालेली एकूण मिळकत किती आणि ठेवी, हप्ते व शिल्लक यांत झालेली निव्वळ वाढ किती, हे दोनच आकडे प्रथम पाहावेत. त्यांच्या गुणोत्तरावरून आपण सध्या प्रत्यक्षात किती बचत करतो ते कळते. हा आकडा पाहून पुष्कळांना धक्का बसतो, पण पुढील उद्दिष्टाचा पाया तोच होय. उत्पन्नाच्या पाच टक्के बचत करणाऱ्या कुटुंबाने एकदम तीस टक्क्यांचा संकल्प सोडला, तर तो पावसाळ्यापर्यंतही टिकणे कठीण. पाचावरून दहा, दहावरून पंधरा अशी चढण सोसवते.

एक उदाहरण घेऊ. सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या हाती दरमहा ४० हजार रुपये येतात आणि दिवाळीला एका पगाराइतका बोनस मिळतो, असे समजा. कायद्यातील किमान बोनसचे प्रमाण वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या वेतनाइतकेच आहे. म्हणून बोनसला तेरावा पगार मानणे सयुक्तिक ठरते. अशा कुटुंबाची वार्षिक मिळकत ५ लाख २० हजार झाली. तिच्या पंधरा टक्के म्हणजे ७८ हजार रुपये.

आता या रकमेला सरळ बाराने भागले, तर महिन्याला साडेसहा हजार येतात. कागदावर हे ठीक दिसते; मात्र जूनमध्ये आणि गणेशोत्सवाच्या महिन्यात ते पेलत नाही. त्याऐवजी दरमहा पाच हजारांप्रमाणे ६० हजार आणि बोनसमधून १८ हजार अशी विभागणी केली, तर उरलेल्या २२ हजारांत दिवाळीही साजरी होते. तपासणीचे टप्पेही निश्चित होतात : जूनअखेर १५ हजार, सप्टेंबरअखेर ३० हजार, बोनस धरून डिसेंबरअखेर ६३ हजार आणि मार्चअखेर ७८ हजार. वर्षाचा हिशेब वर्षाच्या शेवटी न करता चार वेळा करण्याचा लाभ असा, की तूट ध्यानात येते तेव्हा ती भरून काढण्यास अवधी हाती असतो.

'अचानक' येणारे ठरलेले खर्च

बचत मोडण्याचे सर्वांत मोठे निमित्त म्हणजे अनपेक्षित खर्च. परंतु या खर्चांची यादी मांडली, तर त्यांतील बहुसंख्य खर्च पूर्णपणे अपेक्षित असल्याचे आढळते. शाळेचे शुल्क, गणवेश व वह्यापुस्तके, दुचाकीचा विमा, आरोग्यविम्याचे नूतनीकरण, महापालिकेची घरपट्टी, राखीपौर्णिमा ते दिवाळी, लग्नसराईतील आहेर, उन्हाळ्यातील गावचा प्रवास यांपैकी काहीही अचानक येत नाही. ते महिन्याच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत, एवढेच.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब मांडण्याची मराठी घरांची जुनी सवय आहे. त्याच दिनदर्शिकेच्या बारा पानांवर वर्षाचे हे मोठे खर्च रकमेसह एकदा लिहून काढावेत. वरील उदाहरणातील कुटुंबाचे असे खर्च, दिवाळी वगळून, ७२ हजार रुपये होत असतील, तर दरमहा सहा हजार रुपये निराळ्या खात्यात पडले पाहिजेत. या पैशाला बचत म्हणू नये. तो खर्चच आहे. केवळ त्याची तारीख पुढची आहे. हे दोन कप्पे एकत्र ठेवले, की घरपट्टी भरताना मुलीच्या शिक्षणाचा पैसा संपतो आणि आपण बचत करूनही हाती काही राहत नाही, असा ग्रह होतो.

बचतीच्या पाच हजारांचाही क्रम असावा. तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका आपत्कालीन निधी नसेल, तर पहिले वर्ष त्यालाच द्यावे. नोकरी सुटणे, कारखान्यातील काम बंद पडणे किंवा घरात दीर्घ आजार येणे, अशा प्रसंगी हा निधी नसला की सोने गहाण पडते किंवा चढ्या व्याजाचे कर्ज डोक्यावर येते. क्रेडिट कार्डाची थकबाकी असल्यास ती फेडणे हीच त्या वर्षीची उत्तम बचत होय, कारण तिच्यावरील व्याजाइतका परतावा कोणतीही सुरक्षित ठेव देत नाही.

पैसा ज्या लयीत येतो, त्या लयीत बचत

दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढण्याचा सल्ला पगारदाराला लागू पडतो. परंतु नाशिकमध्ये पगारावर चालणाऱ्या घरांइतकीच दुकानदारी, व्यवसाय आणि शेती यांवर चालणारी घरेही आहेत. शहरात राहून निफाड, दिंडोरी वा चांदवडकडील शेतीचे उत्पन्न घेणारी कुटुंबे तर दोन्ही लयी एकत्र सांभाळतात.

रविवार कारंजा, मेनरोड वा भद्रकाली परिसरातील छोट्या दुकानदाराच्या हाती पैसा रोज येतो आणि रोजच जातो. त्याच्यासाठी महिनाअखेरचा हप्ता अवघड, पण रोजचे दोनशे रुपये सोपे. याच जाणिवेतून सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपी येथे पिग्मी ठेव योजना सुरू केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. तथापि दुकानोदुकानी येणारा 'पिग्मीवाला' महाराष्ट्रातील सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या व्यवहारात रुळून गेला. रोज २१४ रुपये म्हणजे वर्षाला सुमारे ७८ हजार, हा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

द्राक्षबागायतदाराचे गणित याच्या नेमके उलट असते. ऑक्टोबर छाटणीनंतर जानेवारी ते एप्रिल या काळात माल निघतो आणि वर्षाचा पैसा त्या तीन-चार महिन्यांत येतो. एप्रिल छाटणी, खते, फवारणी आणि मजुरी हा खर्च मात्र वर्षभर चालतो. त्यात मार्चमधील गारपिटीची टांगती तलवार. येथे मासिक हप्ता निरुपयोगी ठरतो. प्रत्येक सौद्याचे पैसे खात्यात येताच त्यातील ठरलेला हिस्सा, मग तो दहा टक्के का असेना, ठेवीत वळवणे आणि उरलेल्या रकमेचे बारा भाग करून स्वतःलाच दरमहा 'पगार' देणे, ही रीत अधिक योग्य.

कांद्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा ही आपली बचत आहे, असे अनेक जण मानतात. तो साठा आहे आणि त्याला भावाची जोखीम आहे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती ४ मे २०२४ रोजी उठवली. या काळात लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत भावाचे काय झाले, हे उत्पादक विसरलेले नाहीत. ज्याची किंमत एका अधिसूचनेने बदलते, त्यावर मुलांच्या शिक्षणाचे वर्ष टांगून ठेवू नये.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक लय आहे आणि ती बारा वर्षांची आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२७ मध्ये येत आहे. हॉटेल व्यावसायिक, रिक्षा-टॅक्सीचालक, पूजासाहित्याचे विक्रेते, घरातील खोल्या भाड्याने देणारे अशा अनेकांना या काळात नेहमीपेक्षा अधिक मिळकत होऊ शकते. ती नेहमीची मिळकत समजून राहणीमान वाढवले, तर पर्वणी संपताच ओढाताण सुरू होते. अशा उत्पन्नाचा निम्मा भाग आधीच ठेवीसाठी नेमून ठेवावा. एका सिंहस्थाची कमाई पुढील सिंहस्थापर्यंत वाढत राहिली, तर तिचे मोल कळेल.

आधी आरक्षण, मग वापर

नाशिककरांना या तत्त्वाचा परिचय गंगापूर धरणामुळे आहेच. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास, धरणातील साठा पाहून पिण्यासाठी, उद्योगांसाठी आणि सिंचनासाठी पाणी आरक्षित केले जाते. वापरून उरले तर पिण्यासाठी ठेवू, असे कोणी म्हणत नाही. घरात मात्र आपण नेमके तेच करतो : आधी खर्च आणि उरले तर बचत.

क्रम उलटा करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पगार जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम वळती करण्याची स्थायी सूचना बँकेला देणे. एकदा अर्ज भरला की दरमहा नव्याने निश्चय करावा लागत नाही. वार्षिक उद्दिष्टासाठी बँकेतील बारा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते सोयीचे असते. ते रोजच्या व्यवहाराच्या खात्यापासून वेगळे असल्याने त्यातील पैसा सहज खर्च होत नाही.

टपाल कार्यालयाचे आवर्ती ठेव खाते पाच वर्षांचे असते. ते दरमहा किमान शंभर रुपयांनी उघडता येते. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खाते उघडल्यास पुढील हप्ते दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, त्यानंतर उघडल्यास महिनाअखेरपर्यंत भरावे लागतात. हप्ता चुकल्यास शंभर रुपयांमागे एक रुपया दंड पडतो आणि चार हप्ते चुकल्यास खाते खंडित होते. ते दोन महिन्यांच्या आत पुनरुज्जीवित करता येते. बारा हप्ते नियमित भरल्यानंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळते, त्यामुळे अडचणीत खाते मोडण्याची गरज पडत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून या योजनेचा व्याजदर ६.७ टक्के असून २०२५ अखेरपर्यंत तो कायम होता. या दराने दरमहा पाच हजार रुपये भरल्यास पाच वर्षांत जमा होणाऱ्या तीन लाखांचे सुमारे तीन लाख ५६ हजार रुपये होतात. सरकार दर तिमाहीस दरांचा फेरविचार करीत असल्याने खाते उघडताना चालू दर पाहून घ्यावा.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत तारखेचे महत्त्व अधिक ठळकपणे दिसते. या खात्यावर महिन्याच्या ५ तारखेच्या अखेरपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लक रकमेवर व्याज मोजले जाते. एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्के दर धरला, तर ६० हजार रुपये ५ एप्रिलपूर्वी एकरकमी भरणाऱ्यास त्या वर्षी त्यांवर ४,२६० रुपये व्याज मिळते. दरमहा ५ तारखेपूर्वी पाच हजार भरणाऱ्यास सुमारे २,३०७ रुपये मिळतात आणि ३१ मार्चला धावतपळत भरणाऱ्यास त्या वर्षासाठी काहीच मिळत नाही. रक्कम तीच, योजना तीच. फरक केवळ तारखेचा. या खात्यात वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात व त्याची मुदत पंधरा वर्षांची असते. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे उघडल्या जाणाऱ्या सुकन्या समृद्धी खात्यात किमान रक्कम २५० रुपये आहे.

पगारवाढीच्या वेळी हप्ता वाढवण्याची सोय आधीच करून ठेवावी. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी २००४ मध्ये अशा एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढील प्रत्येक पगारवाढीतील ठरलेला हिस्सा निवृत्तीच्या बचतीत जाईल, अशी संमती कर्मचाऱ्यांकडून अगोदरच घेण्यात आली. चाळीस महिन्यांत सहभागी कर्मचाऱ्यांचे बचतीचे सरासरी प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेले. हातचा पगार कमी होत नसल्याने त्याग जाणवत नाही, हे त्यामागचे रहस्य. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

भिशी, बचत गट आणि साक्षीदार

आपल्याकडील भिशीने हे मर्म फार पूर्वीच ओळखले होते. बारा जणी दरमहा पाच हजार रुपये काढतात आणि दर महिन्याला एकीला ६० हजार मिळतात. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर पहिला क्रमांक लागणारी बिनव्याजी कर्ज घेते आणि शेवटची बिनव्याजी बचत करते. व्याजाच्या हिशेबात शेवटचीचा तोटाच आहे. तरीही भिशी टिकून राहिली, कारण बँकेचा हप्ता चुकला तर कोणाला कळत नाही आणि भिशीचा हप्ता चुकला तर अकरा जणींना कळते. मात्र तिचा आधार केवळ विश्वासाचा असतो. सदस्य परस्परांना नीट ओळखत असावेत, वर्तुळ लहान असावे आणि लिलाव पद्धतीच्या मोठ्या भिशीपासून दूरच राहावे.

महिला बचत गटांनी या विश्वासाला नोंदींची जोड दिली. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ या चळवळीत अग्रेसर राहिले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या अद्ययावत नोंदी ही गटांची पंचसूत्री शहरी कुटुंबानेही घ्यावी अशी आहे. महिन्यातून एकदा पती-पत्नींनी, शक्य तर कळत्या मुलांसह, अर्धा तास बसून जमा-खर्च पाहिला तर उद्दिष्ट एकट्याचे राहत नाही.

स्वतःवर घातलेल्या बंधनाचा लाभ फिलिपाइन्समधील एका बँकेतही दिसून आला. नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांच्या २००६ मधील अभ्यासात ग्राहकांना असे खाते देऊ करण्यात आले, की ज्यातील पैसा स्वतः ठरवलेली तारीख वा रक्कम गाठल्याखेरीज काढता येणार नाही. जादा व्याज नव्हते. तरीही चौथ्या हिश्शाहून अधिक ग्राहकांनी ते स्वीकारले आणि वर्षभरानंतर, तुलनेसाठी निवडलेल्या गटापेक्षा, असे खाते देऊ केलेल्यांच्या शिलकीत ८१ टक्के अधिक वाढ आढळली.

पैसा ठेवायचा कोठे?

शिस्तीने साठवलेला पैसा चुकीच्या ठिकाणी गेला, तर सारे वर्ष वाया जाते. नाशिकला हा अनुभव नवा नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या केबीसी प्रकरणात अवाजवी परताव्याच्या आशेने पैसे गुंतवणारे हजारो जण अडकले. २०१६ मध्ये मैत्रेय समूहाविरुद्ध नाशिकमध्ये गुन्हा दाखल झाला. फसलेल्यांत कष्टाने महिन्याचा हप्ता बाजूला काढणारी सामान्य कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्यात १९९९ चा एमपीआयडी कायदा आणि देशात अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहे. पण कायद्याने पैसा परत मिळण्यास वर्षे लागतात.

बँकांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास एका बँकेत, मुद्दल व व्याज मिळून, पाच लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण लाभते. राष्ट्रीयीकृत, खासगी आणि सहकारी बँका यात येतात. सहकारी पतसंस्था येत नाहीत. 'बँक' आणि 'पतसंस्था' या पाट्यांमधील हा फरक पिग्मी वा आवर्ती खाते उघडण्यापूर्वी जाणून घेतलाच पाहिजे. टपाल कार्यालयातील ठेवींना केंद्र सरकारची हमी असते.

विम्याइतकेच महत्त्व पैसा वेळेवर हाती येण्याला आहे. २०१६ च्या नोटाबंदीनंतर नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत रोकडटंचाई निर्माण झाली, तेव्हा शेतकरी आणि शिक्षकांना स्वतःच्याच पैशासाठी ताटकळावे लागले. म्हणून निदान आपत्कालीन निधी तरी दोन ठिकाणी विभागलेला असावा.

सराफांच्या मासिक सुवर्ण योजना शिस्तीच्या दृष्टीने आकर्षक वाटतात. त्या बहुधा अकरा महिन्यांच्याच का असतात? मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत वळती न झाल्यास २०१४ च्या नियमांनुसार कंपनीच्या दृष्टीने ती ठेव ठरते, हे त्याचे कारण. या रकमेला ठेव विमा नाही आणि ती सोन्याखेरीज अन्य कामास येत नाही. लग्नासाठी दागिना करायचाच असेल तर पेढीची पत पाहून हा मार्ग घ्यावा. वर्षाच्या संपूर्ण बचतीसाठी मात्र नव्हे.

हप्ता चुकला तर?

चुकतोच. एखादा आजार, एखादे लग्न, एखादा कामबंद महिना प्रत्येक वर्षी येतो. एक हप्ता चुकल्याने ७८ हजारांतील पाच हजार कमी होतात. संकल्पच सोडून दिल्याने उरलेले सारे जातात. अशा वेळी चुकलेली रक्कम पुढच्याच महिन्यात दुप्पट भरण्याचा अट्टहास करू नये. ती उरलेल्या महिन्यांवर सारखी वाटावी किंवा तिमाही तपासणीच्या वेळी उद्दिष्टच थोडे खाली आणावे. ७८ हजारांऐवजी ६८ हजार जमले, तर ते वर्ष वाया गेलेले नाही. मात्र खाते मोडणे हा शेवटचा उपाय असावा आणि तो घरातील दोघांच्या संमतीखेरीज होऊ नये.

थोडक्यात महत्त्वाचे

• मागील बारा महिन्यांची प्रत्यक्ष बचत काढा आणि तिच्या थोडे पुढचे उद्दिष्ट रक्कम, मुदत व प्रयोजन यांसह लिहून ठेवा.

• वर्षातील ठरलेले मोठे खर्च दिनदर्शिकेवर मांडा. त्यांचे खाते बचतीच्या खात्यापासून निराळे ठेवा.

• पगारदारांनी पगाराच्या दुसऱ्या दिवशी, दुकानदारांनी रोज आणि शेतकऱ्यांनी प्रत्येक सौद्याला बचत बाजूला काढावी.

• बोनस, थकबाकी वा सिंहस्थासारखी नैमित्तिक मिळकत हाती येण्यापूर्वीच तिचा हिस्सा ठरवा.

• भविष्य निर्वाह निधीचा भरणा ५ तारखेपूर्वी करा. मार्चअखेरची वाट पाहू नका.

• ठेव विमा आहे का, हे विचारल्याशिवाय कोठेही हप्ता सुरू करू नका. बाजारापेक्षा फार अधिक व्याजाचे वचन मिळाल्यास तेथूनच परत फिरा.

• जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशी वर्षातून चार वेळा घरातील सर्वांसमोर तपासणी करा.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तळे साचते ते बांध घातलेला असतो म्हणून. अन्यथा थेंब वाहूनच जातात. येत्या पगाराच्या दिवशी बँकेत एक अर्ज देऊन हा बांध घालता येतो आणि त्यासाठी पाडव्याची वाट पाहण्याचे कारण नाही.